मोकळ्या झालेल्या तासांचा हिशेब

महाराष्ट्रातल्या घरांनी बाहेर सोपवलेलं पहिलं मोठं काम बहुधा दळणाचं. गावात पिठाची गिरणी येण्याआधी बाई भल्या पहाटे जात्यावर बसायची. खटल्याच्या घरात भाकरीपुरतं पीठ काढायलाच तास-दोन तास जायचे, आणि हे रोज. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक भरल्या. त्या दगडापाशी बायकांचं किती आयुष्य गेलं असेल, याचा अंदाज त्यावरून येतो. मग गिरणी आली, आणि चार पैसे मोजून डबाभर पीठ मिळू लागलं.

त्या मोकळ्या झालेल्या तासांचं काय झालं? कुणी मजुरीला जाऊ शकली, कुणाच्या वाट्याला थोडी जास्त झोप आली, आणि पुष्कळजणींचे ते तास घरातल्याच दुसऱ्या कामांनी गिळले. घरकाम बाहेर दिलं की बाईची कमाई वाढते का, हा प्रश्न म्हणूनच वरवर दिसतो तेवढा सोपा नाही. वेळ मोकळा होणं ही एक गोष्ट, आणि त्या वेळेचे पैसे होणं ही दुसरी. या दोहोंच्या मध्ये काय काय आडवं येतं, हे जगभरच्या अभ्यासकांनी गेल्या काही दशकांत बारकाईनं तपासलं आहे.

आधी वेळेचं गणित पाहू. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाईची दिवसातली सरासरी २८९ मिनिटं विनामोबदला घरकामात जातात. पाच तासांना फक्त अकरा मिनिटं कमी. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटं जातात, पण मुळात एखाद्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात २७ आहेत, बायका ८१. मुलांची, आजाऱ्यांची, म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, तिचा हिशेब वेगळा. २०१९च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ मिनिटं होते. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाची नऊ.

दुसऱ्या बाजूला, २०२४च्याच वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातले ७५ टक्के पुरुष एखाद्या दिवशी रोजगाराच्या कामात असतात, तर बायका २५ टक्के. सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात स्त्रियांच्या सहभागाचा दर २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेलेला दिसतो, आणि ही वाढ खरीच मोठी आहे. पण तिच्यात ग्रामीण भागातल्या स्वयंरोजगाराचा, घरच्याच शेतात किंवा दुकानात विनापगार राबण्याचा वाटा मोठा आहे. हातात स्वतःचा पगार येणाऱ्या बायका अजून फार कमी आहेत.

तीन लाख मदतनीस आणि एक शहर

घरकाम बाहेर दिल्यानं काय होतं हे स्पष्ट पाहायचं, तर हाँगकाँगकडे बघावं लागतं. १९७०च्या दशकात त्या शहरानं परदेशी घरकामगारांना करारावर यायला मुभा दिली. आधी फिलिपिन्समधून आणि पुढे इंडोनेशियातून बायका येत गेल्या; आज त्यांची संख्या तीन लाखांच्या वर आहे. नियमानुसार त्या मालकाच्याच घरी राहतात. तैवाननं मात्र अशी योजना १९९२ मध्ये सुरू केली. पॅट्रिशिया कोर्टेस आणि जेसिका पॅन या अर्थतज्ज्ञांनी या दोन ठिकाणांची तुलना करून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला: मोठ्या मुलांच्या आयांशी ताडून पाहता, हाँगकाँगमध्ये लहान मुलं असलेल्या शंभर आयांमागे १० ते १४ जास्त आया नोकरी करू लागल्या.

अमेरिकेतलं चित्र थोडं वेगळं. तिथं १९८० ते २००० या काळात स्थलांतरित कामगार मोठ्या संख्येनं आले आणि घरकामाच्या सेवा स्वस्त झाल्या. कोर्टेस यांनीच होजे टेसाडा यांच्याबरोबर केलेल्या अभ्यासात दिसलं, की सर्वांत जास्त पगार मिळवणाऱ्या बायकांनी याचा फायदा घेतला. त्यांचे घरकामाचे तास घटले आणि नोकरीचे वाढले. वकील, डॉक्टर, संशोधक अशा व्यवसायांतल्या आठवड्याला ५०-६० तासांहून जास्त काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. कमी पगाराच्या बायकांच्या आयुष्यात असा फरक पडला नाही. दुसऱ्याच्या वेळेचे पैसे मोजायचे तर आपल्या तासाला त्याहून बरीच जास्त किंमत मिळायला हवी, हा या व्यवहाराचा पाया आहे.

काम कोणतं आणि कोणत्या वेळचं

घरकामाचा पगारावर होणारा परिणाम नोकरी लागते की नाही एवढ्यापुरता नसतो. जोनी हर्श आणि लेस्ली स्ट्रॅटन यांनी १९९७ मध्ये अमेरिकी जोडप्यांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की नोकरी करणाऱ्या विवाहित बाईचं घरकाम जितकं जास्त, तितका तिचा ताशी पगार खाली ओढला जातो. नवऱ्यांच्या बाबतीत असा ठाम परिणाम दिसला नाही. याचं एक कारण मेरी नूनन यांच्या २००१च्या अभ्यासात सापडतं. स्वयंपाक, भांडी, झाडलोट अशी रोज आणि ठरलेल्या वेळी करावीच लागणारी कामं पगाराला मारक ठरतात. दुरुस्ती, बागकाम, गाडीची निगा अशी कामं रविवारवर ढकलता येतात, आणि ती बहुतेक घरांत पुरुषांकडे असतात.

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी या मुद्द्याला आणखी धार दिली. काही नोकऱ्या हावऱ्या असतात: अवेळी फोन उचलणाऱ्याला, ऐनवेळी थांबू शकणाऱ्याला, उद्या दिल्लीला जा म्हटलं की निघणाऱ्याला त्या ताशी पगारही जास्त देतात. दुप्पट तास दिले तर दुपटीहून जास्त पैसे. अशा वेळी जोडप्यातला एकजण हावरी नोकरी घेतो आणि दुसरा घराच्या हाकेला उपलब्ध राहतो. हा दुसरा कोण असतो, हे सांगायला नको.

आता हे आपल्याकडच्या दिनक्रमात ठेवून पाहा. सकाळी अकरा वाजता धुणी-भांडी आणि केर-फरशी करून जाणाऱ्या मावशी पाठीचे कष्ट वाचवतात, पण नोकरीची वेळ वाचवत नाहीत. सकाळी साडेसहाला पोळ्या लाटून देणाऱ्या काकू मात्र डोंबिवलीच्या बाईला आठची लोकल मिळवून देतात. संध्याकाळी सातला बंद होणारं पाळणाघर तिला पाचला सुटणारी नोकरी करू देतं. सहाला सुरू होणारी बैठक, ज्यात पुढच्या बढतीची माणसं ठरतात, ती तिच्या हातून सुटते. एका तासाचीच मदत, पण ती दिवसाच्या कोणत्या टोकाला मिळते यावर कमाईतला फरक अवलंबून असतो. पुण्या-मुंबईच्या गल्लीबोळांत पोळी-भाजी केंद्रं एवढी का चालतात, याचं उत्तरही यात आहे. ती संध्याकाळी सात ते नऊ हा सर्वांत महागडा वेळ विकतात.

वेळ मिळाला, पण पुढे काय?

मोकळ्या वेळेला बाहेर गिऱ्हाईक नसेल तर? दोन देशांतले अनुभव शेजारी ठेवण्यासारखे आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात वर्णभेदी राजवट संपल्यावर खेडोपाडी वीज पोचली. लाकूडफाटा गोळा करण्यात आणि चुलीपाशी जाणारा वेळ वाचला. टेरिन डिंकलमन यांच्या २०११च्या अभ्यासानुसार वीज आलेल्या भागांत बायकांच्या रोजगाराचं प्रमाण ९ ते ९.५ टक्के-अंकांनी वाढलं. मोरोक्कोतल्या टँजियर शहरात गरीब कुटुंबांना घरात नळ घेण्यासाठी कर्ज मिळालं, सार्वजनिक नळावरच्या खेपा थांबल्या, बायकांचा बराच वेळ वाचला. तिथं कमाई वाढली नाही. तो वेळ विश्रांतीत आणि लोकांत मिसळण्यात गेला, आणि माणसं आधीपेक्षा समाधानी झाली.

टँजियरचा अनुभव फसला असं मुळीच म्हणता येणार नाही. विसावा हा बाईचा हक्क आहे आणि हंडे वाहणं थांबलं हेच मोठं आहे. पण उज्ज्वला योजनेतून गॅस आला, जलजीवन मिशनमधून दारी नळ आला, की बायका आपोआप कमवायला लागतील असं धरून चालता येत नाही. त्यासाठी गावाजवळ काम लागतं, तिथवर नेणारी वेळेवरची एसटी लागते, आणि अंधार पडल्यावर परतताना भीती नसलेला रस्ता लागतो.

यंत्रांची गोष्ट आणखी वेगळी. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवलं, की अमेरिकी घरांत यंत्रं आली तशी कष्टांची धार बोथट झाली, पण गृहिणीचे तास फारसे घटले नाहीत. पूर्वी धोब्याकडे जाणारे कपडे घरच्या यंत्रात परत आले आणि स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या. आपल्याकडेही मिक्सर आला तशा रोजच्या जेवणात ताज्या चटण्या, वाटणं आणि इडली-डोशाचं पीठ आलं. वॉशिंग मशीन आलं आणि एकदा अंगावर घातलेला शर्ट धुण्यात पडू लागला. वाचलेला वेळ अपेक्षांनी खाल्ला, आणि त्या अपेक्षा पुरवणारी व्यक्ती तीच राहिली.

माणसाची मदत घेतली तरी एक काम घरातच उरतं, ते म्हणजे लक्ष ठेवण्याचं. मावशींना किल्ली कोण देणार, उद्याची भाजी कोणती सांगायची, खाडा झाला तर काय, पाळणाघराचे पैसे भरले का, बाळाच्या डब्यात काय दिलं. हे काम वेळ-वापराच्या सर्वेक्षणात धड मोजलं जात नाही, कारण ते बैठकीत बसल्या बसल्या, लोकलमध्ये उभ्या उभ्या चाललेलं असतं. मावशी येणार नसल्याचा निरोप बहुतेक घरांत बाईच्याच फोनवर येतो, आणि मग अर्धी रजा तीच टाकते. हात बदलले, पण जबाबदारी कुणाची हे बदललं नाही, तर नोकरीतली तिची विश्वासार्हता त्या अर्ध्या-अर्ध्या रजांनी झिजत राहते.

बाईच्या पगारातून बाईचा पगार

घरोघरी एक हिशेब मांडला जातो. समजा, तिचा पगार ३० हजार आहे. पाळणाघर, स्वयंपाक आणि वरकाम यांचे मिळून १५ हजार जातात, प्रवासाचे दोन-तीन हजार. मग सासरची-माहेरची सगळीच माणसं सांगतात, "एवढी दगदग करून उरतं काय? घरीच राहा की."

या हिशेबात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे, मूल दोघांचं आहे, जेवण सगळ्यांचं आहे, पण मदतीचा खर्च तिच्या एकटीच्या पगारातून वजा होतो. तोच खर्च घराच्या एकूण उत्पन्नातून वजा केला, तर नोकरी सोडण्याचं कारण अर्ध्याहून जास्त विरघळतं.

दुसरी चूक काळाची. मूल लहान असतं ती पाच-सहा वर्षं. नोकरी मात्र पंचवीस-तीस वर्षांची असते. मधली वर्षं सोडली की पगारवाढी जातात, ज्येष्ठता जाते, भविष्यनिर्वाह निधीत दरमहा पडणारी भर थांबते. ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची नोकरी लागते, तीही हुकते. पुन्हा परतताना अनेकींना आधीपेक्षा खालच्या पदावर, कमी पगारावर सुरुवात करावी लागते. त्या पाच वर्षांत मदतीवर खर्च झालेले पैसे तिच्या पुढच्या कमाईसाठी केलेली गुंतवणूक असते, आणि गुंतवणुकीचा हिशेब त्याच महिन्याच्या अखेरीला मांडायचा नसतो.

कायद्यानं ही अडचण काही अंशी ओळखली आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूती रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन आलं. पण भारतातल्या बहुतेक बायका जिथं काम करतात, तिथं पन्नास माणसं एका छपराखाली नसतातच.

दुसरी बाई

आतापर्यंत एकीच्याच कमाईचा विचार झाला. घरकाम बाहेर जातं तेव्हा ते हवेत विरत नाही. दुसरी बाई ते उचलते. तिच्या हातात काय पडतं, हा याच विषयाचा उरलेला अर्धा भाग आहे.

मुंबईनं याची दोन उजळ उदाहरणं दिली आहेत. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. उन्हाळ्यातल्या वाळवणाचं काम असंख्य घरांतून बाहेर पडलं, आणि ते करणाऱ्या हजारो बहिणी त्या संस्थेच्या सहमालक झाल्या. भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणून द्यायचे, अशी त्यांची पद्धत. दुसरं उदाहरण गिरणगावचं. गावाकडून एकट्यानं आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका किराणा दुकानदार आणि सावकारांच्या कर्जात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. दोन्ही ठिकाणी घरात फुकट होणाऱ्या कामाला दर मिळाला, आणि दर ठरवताना त्या बायका एकत्र होत्या.

घरोघरी जाऊन धुणी-भांडी करणारी बाई मात्र एकटी असते. चार घरं, चार मालकिणी, प्रत्येकीशी वेगळी बोली. पुण्यात १९८० मध्ये घरकामगार बायकांनी पगारवाढ आणि रजेसाठी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ मध्ये घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ मंजूर केला. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण अजून त्याला औपचारिक मान्यता दिलेली नाही. याच संघटनेच्या अंदाजानुसार जगात साडेसात कोटींहून जास्त घरकामगार आहेत, त्यातल्या तीन चतुर्थांश बायका.

आता यात अॅपही उतरली आहेत. मार्च २०२५ मध्ये अर्बन कंपनीनं मुंबईत काही मिनिटांत घरकामगार पाठवणारी सेवा सुरू केली, सुरुवातीला तासाला ४९ रुपये अशा सवलतीच्या दरात. तिच्या नावात मोलकरणीसाठीचा इंग्रजी शब्द होता, त्यावर टीका झाली आणि नाव बदलावं लागलं. घेणाऱ्याच्या दृष्टीनं ही मोठी सोय, कारण खाड्याच्या दिवशीची रजा टळते. पण तासाची मजुरी, जाण्या-येण्याचा वेळ आणि आजारपणाची रजा यांचं काय, हा १९८०चाच प्रश्न त्या पडद्यामागेही उभा आहे.

युरोपात सरकारांनी मधला भार उचलला. बेल्जियमनं २००४ पासून सेवा-कूपनं चालू केली. कुटुंब कमी दरात तासाचं कूपन घेतं, उरलेले पैसे सरकार भरतं, आणि साफसफाई करणारी बाई नोंदणीकृत संस्थेची कर्मचारी असते. तिला विमा, रजा, निवृत्तिवेतन मिळतं. स्वीडननं २००७ मध्ये घरकामाच्या मजुरीवर करसवलत दिली. हा सुस्थितीतल्या घरांना फायदा असल्याची टीका तिथं तेव्हापासून होत आली, पण रोखीनं चालणारं बरंच काम त्यामुळे नोंदीत आलं. भारतात घरकामगाराच्या पगारावर मालकाला आयकरात कोणतीही वजावट नाही, त्यामुळे तो पगार कागदावर आणण्याचं प्रलोभनही नाही.

आणि या दुसऱ्या बाईच्या घरचं काम कोण करतं? बहुतेकदा तिची मोठी मुलगी, शाळा बुडवून. किंवा गावाहून आणलेली सासू. किंवा ती स्वतःच, पहाटे चारला उठून. नैरोबीतल्या कोरोगोचो वस्तीत आयांना पाळणाघराची फी भरून देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा त्यांच्या रोजगाराचं प्रमाण साडेआठ टक्के-अंकांनी वाढलं. एकट्या आयांनी तर नियमित वेळेची कामं धरली, तास कमी झाले तरी कमाई टिकली. भारतात मोबाइल क्रेशेस संस्था १९६९ पासून बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवते, आणि केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. तो कायदा येईल तेव्हा येवो; पगारी साप्ताहिक सुट्टी, आजारपणाची रजा आणि दरवर्षीची ठरलेली वाढ एवढं कोणतंही घर आजपासून देऊ शकतं, आणि तो खर्च नवरा-बायकोच्या दोन्ही पगारांतून करू शकतं. पाळणाघरांचं काम मात्र सरकारचं आणि महापालिकांचं आहे. अंगणवाडी दुपारी बंद होते, आणि घरकामगाराची दुसऱ्या फेरीची भांडी चारला सुरू होतात. वस्तीतलं पाळणाघर सकाळी सहा ते संध्याकाळी आठ उघडं राहिलं, तर तिची मुलगी शाळेत राहील, तिला आणखी एक घर धरता येईल, आणि तिच्या भरवशावर ऑफिस गाठणाऱ्या बाईची अर्धी रजाही वाचेल.